पितराची शुगर

उखर्डू आबा ऐन आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साक्रीला लेकीकडे जाऊन बसले, म्हणून यंदा चुडामणच्या घरचा पितर होण्याचा मान रुपचंद नानांकडे आला. आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरायची, चुलीत आगारीचा घास टाकायचा आणि त्याच्या जागी एका जित्याजागत्या माणसाला पाटावर बसवून पोट फुटेस्तोवर जेवू घालायचं, ही इकडची रीत. गेलेला चुडामण एसटीत ड्रायव्हर होता, चाळीसगावच्या गाडीवर. नाना भडगाव स्टँडवर कंट्रोलर होते. दोघांची ओळख खिडकीपुरती. त्यानं कागद आत सरकवायचा, यांनी वेळ टाकून बाहेर सरकवायचा. पण पितराला एवढी ओळख पुरते. त्याला फक्त भूक लागते.

आदल्या दिवशी चुडामणची बायको, बेबाबाई, स्वतः आमंत्रण द्यायला आल्या.

"भाऊ, उद्या आमना घर जेवाले या. बारा वाजता पान वाढसू."

"येतो की," नाना म्हणाले, आणि त्यांना आपल्याच घाईची लाज वाटली.

घाई होण्यासारखीच गोष्ट होती. बायको जाऊन सहा वर्षं झाली. त्या सहा वर्षांत नाना दुसऱ्याच्या घरी एकूण चार वेळा जेवले. त्यातली तीन तेरावी होती आणि चौथं लग्न, तेही उभ्यानं. मुलगा स्वप्नील वापीला. तो रविवारी फोन करायचा, "गोळी घेतली का?" विचारायचा, आणि नानांनी "घेतली" म्हटलं की दोघांचं बोलणं संपायचं. पूर्वी शेजारणी भिंतीवरून वाटी द्यायच्या. कधी शिरा, कधी सांजोरी. मग नानांना शुगर निघाली आणि गल्लीभर झालं. "नानांना चालत नाही हो," असं म्हणत एकेक वाटी बंद पडली. गंमत अशी, की शिऱ्याबरोबर भरताची वाटीही बंद झाली. वांग्यात साखर नसते हे शेजारणींना ठाऊक होतं, पण एकदा सुटलेली सवय कोण पुन्हा लावून घेतो?

बेबाबाईंचं घर नदीकडे, गावाच्या दुसऱ्या टोकाला. तिथपर्यंत नानांची शुगर पोचलेली नव्हती. ती पोचू द्यायची नाही, असं नानांनी ठरवलं. पितर नीट जेवला की त्याला दरवर्षी बोलावतात. उखर्डू आबा गेली दोन वर्षं सलग होते. आपण यंदा नीट जेवलो तर वर्षातून एक पान आपलं झालं.

आखाजीच्या सकाळी नाना पेन्सिल घेऊन बसले. खापरावरच्या पुरणपोळ्या पाच, आमरसाच्या वाट्या तीन, वर तूप. एवढा भार एका गोळीला झेपणार नाही. दोन लागतील. डॉक्टरांनी जेवणाआधी अर्धा तास सांगितलं होतं. बाराला पान म्हणजे साडेअकराला गोळ्या. न्याहारी वगळली तर आणखी जागा मोकळी. एकतीस वर्षं वेळापत्रकावर काढलेल्या माणसाला हे गणित इतकं चोख वाटलं की त्यांनी ते दोनदा तपासलं. गाडी लेटही होऊ शकते, एवढं मात्र त्या दिवशी त्यांच्या डोक्यात आलं नाही. साडेअकराला दोन्ही गोळ्या पोटात गेल्या. इस्त्रीचा शर्ट फुगू नये म्हणून ग्लुकोजची बिस्किटं रोजच्या शर्टाच्या खिशात राहिली.

बेबाबाईंच्या अंगणात त्यांची शेजारीण दिपमाला खापरावर पोळी टाकत होती. धोतरासारखी पातळ पोळी हातावर झुलवत तिनं नानांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"नाना, तुम्ही ते काडी शेतस. उखर्डू आबा सात पोया खायेत."

"माझं अंग दिसत नाही," नाना म्हणाले. "पोटात जागा आहे."

बेबाबाई आतून पाट घेऊन आल्या. "पोटभर खा भाऊ, बस. दहा साल मी त्यासले गोड दिधं नही. शुगर व्हती ना. शेवटला येले दवाखानामा अर्धी पोयी मांगी, ती बी दिधी नही." त्या पाट पुसत राहिल्या. पाट केव्हाच स्वच्छ झाला होता. "आते पितर खास तव्हय माले बरं वाटस."

नानांनी मान डोलावली.  आता मागे फिरायला गोळ्या परत काढता येत नव्हत्या.

बाराला पाच कमी असताना फोन वाजला. आगारी मुलाच्या हातून पडायची आणि बेबाबाईंचा मुलगा पियुष सुरतहून गाडीनं निघाला होता. "आई, कोंडाईबारी घाटात ट्रक आडवा पडलाय. तासभर तरी लागेल. आंबे माझ्याकडेच आहेत डिकीत."

म्हणजे आगारी नाही, रस नाही, पान नाही.

"च्या टाकू का नाना?" दिपमालानं विचारलं. "पितरले च्या चालस."

चहात दोन चमचे साखर पडणार हे नानांनी पातेल्याकडे बघून ओळखलं. दोन चमचे म्हणजे पाऊण पोळी. आत्ता चहा घेतला तर पुढचं सगळं गणित चुकलं. "नको," ते म्हणाले, "मी चहा घेत नाही." जी एक गोष्ट त्यांना त्या दिवशी वाचवू शकत होती, ती त्यांनी अशी हिशेबानं नाकारली.

साडेबाराला घाम आला. वैशाखात घाम कुणाला येत नाही? दिपमालानं पंखा त्यांच्याकडे वळवला. एकला हात थरथरायला लागले. नानांनी ते मांडीखाली दाबले. सव्वाला एका घागरीच्या दोन घागरी दिसू लागल्या. 'भूक लागली' असं म्हणायला तोंड उघडलं, पण तोंडातून निघालं ते वेगळंच. एकतीस वर्षं जे जिभेवर होतं तेच निघालं.

"चाळीसगाव जाणारी... विनाथांबा... फलाट क्रमांक तीन..."

दिपमालाच्या हातातली पोळी खापराऐवजी चुलीत गेली. चुडामण बारा वर्षं चाळीसगावच्या गाडीवर होता.

"आक्का वं," ती हळूच म्हणाली, "चुडामण भाऊ अंगमा उनात."

भिंतीपलीकडे ऐकू जाण्याइतकं ते हळू होतं. पाच मिनिटांत अंगणात सात बायका आल्या. नाना डुलत होते, घामानं निथळत होते, डोळे अर्धे मिटलेले. कुणीतरी कुंकू लावलं. दिपमालानं पदर पसरला. आयती आलेली संधी सोडणारी ती नव्हती.

"भाऊ, मनी पोर पुनमनं लगीन कव्हय जमी?"

"फलाट क्रमांक तीन," नाना म्हणाले.

"तीन महिनामा," दिपमालानं सगळ्यांना समजावलं. "आनि पोऱ्या कोठला?"

"चाळीसगाव..."

"चाळीसगावना. दखा, मी म्हनेल व्हतं ना."

नानांना आवाज विहिरीतून आल्यासारखे ऐकू येत होते. एवढ्या बायका आपल्याभोवती का जमल्या आहेत ते कळत नव्हतं, पण कुणीतरी आपल्याला काही विचारत आहे, हे बरं वाटत होतं. कितीतरी दिवसांत गोळी सोडून दुसरं काही कुणी विचारलंच नव्हतं. मग आतून शेवटची तिडीक उठली.

"गोड दे," ते म्हणाले. "आधी गोड दे."

बेबाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हातात तुपाची वाटी होती. त्यांचे डोळे भरून आले, ओठ हलले, आणि दहा वर्षांच्या सवयीनं जे बाहेर पडायचं तेच पडलं.

"सकायनी शुगर किती व्हती?"

अंगण चिडीचूप झालं. मेलेल्या नवऱ्यालाही सकाळची शुगर विचारणारी बाई त्या बायकांनी पहिल्यांदाच पाहिली. बेबाबाईच स्वतःशी चपापल्या. मग पुढे झाल्या, वाटी खाली ठेवली आणि नानांच्या मानेला हात लावला. मान गार होती, ओली होती. त्यांनी मनगट धरलं, थरथर पाहिली.

"हाई अंगमा येनं नही," त्या म्हणाल्या. "शुगर उतरनी. दिपमाला, साखर आन. पानीमा कालव."

"पण आक्का, आगारी व्हयेल नही. पितर उष्टा व्हई जाई."

"पितर मरी गया ते दोन घागरी भरना पडतीन. आन लवकर."

बेबाबाईंनी नानांचं डोकं धरून साखरेचं पाणी घोट घोट पाजलं. बायका थोड्या नाराज होऊन भिंतीला टेकल्या. एकीचा नातवाच्या नोकरीचा प्रश्न राहूनच गेला होता. पंधरा मिनिटांनी एका घागरीची एकच घागर झाली. नानांनी कपाळावर हात फिरवला, हाताला कुंकू लागलं.

बेबाबाई शुगर तपासायचं मशीन घेऊन आल्या. "तुमले शुगर शे."

"हो."

"गोया कितल्या लिध्यात?"

"दोन."

"काबर सांगं नही भाऊ?"

नाना पाटाकडे बघत राहिले. "सांगितलं असतं तर तुम्ही बोलावलं नसतं."

 बेबाबाईंनी त्यांच्या बोटाला सुई टोचून आकडा पाहिला, वहीत टिपला. "हाई मशीन त्यासनं व्हतं," त्या म्हणाल्या. "त्या गयात, मंग माले बी शुगर निंघनी. वस्तू वाया गयी नही."

पियुष अडीचला आंबे घेऊन पोचला. त्यानं आगारी टाकली, हात जोडले, आणि पितराच्या पानाकडे पाहून थांबला. पानात कळण्याची भाकरी होती, मेथीची भाजी, काकडी, वाटीभर ताक. पुरणपोळी होती, पण चतकोर, डाव्या बाजूला, लोणच्याएवढी.

"आई, बाबांना काय वाटेल? वर्षातून एक दिवस—"

"त्यासले सवय शे," बेबाबाई म्हणाल्या.

नाना जेवले. भाकरी गरम होती आणि समोर बसून कुणीतरी वाढत होतं. ती चतकोर पोळी त्यांनी शेवटी, फार हळू खाल्ली. गोळ्यांचा जोर उतरेपर्यंत बेबाबाईंनी त्यांना उठू दिलं नाही. दर तासाला बोट टोचलं. नाना भिंतीला टेकून बसले, घरातली भांडी वाजताना ऐकत राहिले. पाच वाजता हात धुताना त्यांना मोरीमागून बेबाबाईंचा आवाज आला. त्या दिपमालाशी बोलत होत्या.

"पुढला साल उखर्डू आबाले आधीच सांगी ठेव. पितर गोड खानारा पाहिजे बाई."

ते बरोबरच होतं. बेबाबाईंची अर्धी पोळी बाकी होती, आणि ती फेडणं नानांच्या पोटाला झेपणारं नव्हतं. नानांनी चपला घातल्या, निरोप न घेता निघावं असा विचार केला.

"भाऊ," बेबाबाई दारात आल्या. "उद्या सकाळी उपाशीपोटी या. मशीन लावसू."

दुसऱ्या दिवशी सातला नाना ओट्यावर हजर होते. पियुष पहाटेच सुरतला गेला होता. पितराच्या घागरीवर काल ठेवलेलं खरबूज तसंच होतं, घरात एकटी बाई आणि तिचा रेडिओ. बेबाबाईंनी बोट टोचलं, पट्टीला थेंब लावला आणि मशीन नानांच्या हातात दिलं.

"किती उनं?"

आकडा एकशे अठरा होता. एकशे अठरा म्हणजे उत्तम. उत्तम म्हणजे काळजीचं कारण नाही. आणि काळजीचं कारण नाही म्हणजे उद्या यायचंही कारण नाही.

"दोनशे अठरा," नाना म्हणाले.

बेबाबाईंनी मशीन त्यांच्या हातातून घेतलं. नाकावरचा चष्मा सारखा केला, आणि आकड्याकडे बराच वेळ पाहिलं. मग वही उघडून, नानांच्या नावाखाली, सावकाश अक्षरात लिहिलं: दोनशे अठरा.

"जास्ती शे," त्या म्हणाल्या. "उद्या परत या. काही खाईसन येऊ नका."