सोमवारचा पहिला तास

"ही गोष्ट कोणाले पटली तर मी मिशा उतरवीन," असं आधीच बजावून उकंडरावांनी चहाचा कप उचलला. नांदुरा स्टेशनासमोरच्या सोजराबाईंच्या हॉटेलात रिवाज असा, की कोणी मोठ्यानं ‘खोटं’ म्हणून थाप पकडली तर सांगणाऱ्यानं कप पालथा घालायचा आणि गप्प बसायचं. लोणारच्या सरोवरातून म्हैस पोहवत नेल्याची त्यांची मागची थाप सोजराबाईंनी म्हैस काठावर असतानाच पकडली होती.

तर महाराष्ट्र राज्य नुकतंच जन्मलं होतं आणि आपल्याच जिल्ह्यात एक नवं महाविद्यालय निघालं होतं. तिथं डॉ. जानराव मावस्कर प्राध्यापक म्हणून रुजू झाले. सातपुड्याच्या पायथ्याचा कोरकू आदिवासी माणूस. लोणारच्या देवळांतल्या शिल्पांवर नागपूरला डॉक्टरेट केलेली. मूर्तीचं नाक तुटलेलं असलं तरी तिचा मूळ रुसवा ते सांगू शकत. त्यांना हवं होतं एवढंच: सोमवारी सकाळी आठचा पहिला तास, आणि समोर पोरं.

संस्थेचे अध्यक्ष वामनराव यांनी हार घातला, फोटो काढवला आणि रविवारी निरोप धाडला. सोमवारी पाहुणे येत असल्यामुळे तास स्थगित, त्याऐवजी डॉ. मावस्कर नृत्य करतील.

"मले नाचता येत नाही, साहेब," जानराव म्हणाले. "आमच्या गावात नाच सुरू झाला की मले जोडे राखायले बसवत."

"रक्तात असते हो ते! उभे राहा, येऊन जाईल."

जानरावांना हायस्कुलातली कवायत तेवढी आठवत होती. ढोलावर त्यांनी ती केली. डावीकडे वळ, उजवीकडे वळ, विश्राम. पाहुण्यांचे डोळे भरून आले. अरण्याची इतकी शुद्ध लय आपण कधी पाहिली नव्हती, असं त्यांनी भाषणात सांगितलं.

"मंग?" सोजराबाईंनी स्टोव्हला पंप मारत विचारलं.

मग बढती. जानरावांना आदिवासी संस्कृती विभागाचे प्रमुख केलं गेलं. "पण माझा विषय लोणारची शिल्पं," ते म्हणाले. वामनराव प्रेमानं हसले. "डॉक्टर, लोणार आमची संस्कृती. ते आम्ही पाहून घेऊ. तुम्ही तुमची सांगा."

विभागाला इमारत हवी म्हणून आवारात सिमेंटची झोपडी बांधली. तिला शेणाचा रंग देण्यासाठी मुंबईहून ऑइलपेंट आला, कारण गावच्या शेणाची निविदेत तरतूद नव्हती. जानरावांनी दहा ते पाच तिथं बसावं, पाहुणे आले की चष्मा काढावा, असं ठरलं. त्यांनी पंखा मागितला. परंपरेत पंखा बसत नाही, असं उत्तर आलं. गावी त्यांच्या बापाच्या घरावर कौलं होती आणि घरात रेडिओ होता. पण ती बाब विभागाच्या कक्षेत येत नव्हती.

पुढं दिल्लीचे एक तज्ज्ञ पाहणीला आले. झोपडी अस्सल, रहिवासी संशयास्पद, असा त्यांनी अभिप्राय दिला. रहिवासी बशीतून चहा पितो आणि मूर्तींवर बोलू लागला की थांबत नाही. संस्था हादरली. जानरावांसाठी ताबडतोब आदिवासीपणाचा प्रशिक्षण वर्ग निघाला. शिक्षक म्हणून वामनरावांचे मेहुणे नारायणराव नेमले गेले. त्यांनी मेळघाटातल्या डाकबंगल्यात एकदा कोंबडी खाल्ली होती.

"हाव, असतात असे मेहुणे," सोजराबाई म्हणाल्या.

नारायणरावांनी त्याच कोंबडीच्या पिसांचा टोप शिकवला. "असा टोप आमच्यात कोणी घालत नाही जी," जानरावांनी हात वर करून सांगितलं. ही माहिती अभ्यासक्रमाबाहेरची आहे, असा शेरा पडला. परीक्षेत जानरावांनी सगळी उत्तरं घरच्या आठवणीवरून लिहिली आणि ते साफ नापास झाले. शिक्षकांनीही सोबत परीक्षा दिली होती. ते पहिले आले. गुणवत्तेनुसार झोपडी नारायणरावांना मिळाली. टोप घालून ते आजही तिथं बसतात, आणि त्यांना मात्र पंखा आहे.

"अन् जानराव?" सोजराबाईंनी स्टोव्ह बंद केला.

"जानराव रिकामे झाले ना! मंग वामनराव स्वतः त्यायच्या घरी गेले. म्हणाले, डॉक्टर, चुकलं आमचं. सोमवारी आठले या, तुमची शिल्पं शिकवा. पोरायनं वर्ग भरून गेला, वामनराव पहिल्या बाकावर बसले, अन् दुसऱ्या वर्षी जानराव प्राचार्य..."

"खोटं!" सोजराबाई कडाडल्या. बाकावरच्या साऱ्या माना एकदम हलल्या. "साफ खोटं! घाला कप पालथा!"

उकंडरावांनी कप पालथा घातला. "मंग इतका वेळ काऊन गप्प होत्या वो बाई?"

"इतका वेळ तर तुम्ही खरं सांगून राह्यले होते ना!"