कांबळे सर आणि मेंदूचा देठ

केस कापून घेताना आमच्या शेजारचे कांबळे सर एक हात मानेमागे घट्ट धरून बसतात. केस झाले की न्हावी मान धरून कटकन आवाज काढतो ना, त्याची त्यांना भयंकर धास्ती. हाताखालचे केस त्यामुळे वाढतच राहतात. पुढून प्राध्यापक, मागून तबलजी!

सर वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचना शिकवून निवृत्त झाले. बोलायला विषय एकच, मेंदूचा देठ. मार्केट यार्डातून फ्लॉवर आणला की जिन्यातच तो उलटा धरून शिकवणी सुरू. "हा वरचा गड्डा म्हणजे हुशारी. पुण्यात मुबलक. पण श्वास, गिळणं, हृदयाचा ताल, सगळं मानेच्या वरच्या टोकाला असलेल्या या अंगठ्याएवढ्या देठात. आईला दिवस गेल्याचं धड कळतही नाही, तोवर त्याची जागा ठरायला लागते. आणि तिथे चुकलं तर दुरुस्ती नाही!" हे ते अशा आवाजात सांगत की ती भाजी खायची इच्छाच होऊ नये.

मी हिंजवडीत संगणकापुढे बसणारा. मी दिसलो की, "अहो, मान! मान सरळ!" मी हसायचो.

माझ्या बायकोला, मेधाला, पाचवा महिना लागला आणि हसणं संपलं. सोनोग्राफीच्या डॉक्टरबाई पडद्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. "मेंदूचा मागचा भाग नीट दिसत नाहीये. बाळ आडवं आहे, म्हणूनही असेल. पुढच्या आठवड्यात परत बघू." त्या आठवड्यात आम्हाला झोप म्हणून लागली नाही. मेधा पोटावर हात ठेवून भिंतीकडे बघत पडायची.

मी सरांचं दार वाजवलं. जिन्यात फुकट शिकवणाऱ्या माणसाने रिपोर्ट हातातसुद्धा घेतला नाही. "मला यातलं काही कळत नाही," म्हणाले आणि दार लावून घेतलं. असा संताप आला मला! आणि संतापापेक्षा भीती जास्त. यांनाही बोलवत नाही, म्हणजे काय असेल?

तपासणीच्या सकाळी बघतो तर सर इस्त्रीचा शर्ट घालून खाली रिक्षा थांबवून उभे. स्वारगेटपर्यंत प्रत्येक खड्ड्याला त्यांचं "हळू, हळू" चाललं होतं. शेवटी रिक्षावाला म्हणाला, "काका, तुम्ही उतरून पुढे चाला, मी येतो मागनं." एरवी मला हसू आलं असतं.

या वेळी बाळ वळलं होतं. बाई म्हणाल्या, "सगळं व्यवस्थित आहे." मेधाला रडूच फुटलं. बाहेर येऊन सरांना सांगितलं, तर त्यांचं एकच, "देठ? देठ बघितला त्यांनी? नक्की?"

"नक्की, सर."

ते मटकन बाकावर बसले.

"आमच्या मुलाचा पुरा झाला नव्हता," ते म्हणाले. "सकाळी जन्मला, संध्याकाळी श्वास थांबला. तेव्हा मी हाडं शिकवायचो. त्यानंतर हा विषय मागून घेतला. इतकी वर्षं शिकवला, पण तुमचा रिपोर्ट उघडायची छाती झाली नाही हो."

मेधा त्यांच्या शेजारी बसली. "नाव काय ठेवलं होतं, सर?"

"राहुल. आमच्या हिनं आधीच ठरवलं होतं. पण हाक मारायची वेळच आली नाही."

मग त्यांनी ते नाव पुन्हा घेतलं. या वेळी मोठ्याने, आतल्या खोलीतल्या मुलाला बोलवावं तसं.