जनार्दनमामांच्या चिठ्ठ्या

आमच्या शेजारच्या जनार्दनमामांकडे पहिल्यांदा जाणारा माणूस दारातच पाच मिनिटं वाचत उभा राहतो. फाटकावर चिठ्ठी आहे, "आत ढकलावे. ओढू नये. ओढून पाहणारे पुष्कळ झाले." घंटेखाली दुसरी, "एकदाच दाबावी. मी सावकाश येतो. फार वेळ आलो नाही तर घरी नाही असे समजावे." शेळीच्या खुंट्यालाही पुठ्ठा टांगलेला आहे, "शेळी गरीब आहे, परंतु तिला कागद दाखवू नये." त्या पुठ्ठ्याचा एक कोपरा शेळीनं खाल्लेला आहे.

मामा इथं धारूरलाच एका शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं मदतनीस होते. बाटल्या पुसायच्या आणि त्यांना चिठ्ठ्या डकवायच्या. निवृत्त झाल्यावर बाटल्या सुटल्या, चिठ्ठ्या सुटल्या नाहीत. नुसतं नाव लिहून मोकळं होणाऱ्यांचा त्यांना भारी राग. कुणाच्या डब्यावर 'सोडा' दिसलं की विचारणार, "कोनता? खायचा का धुयाचा? नाव सांगितल्यानं काम कळत न्हाई." माझ्या आईनं हौसेनं हळदीच्या डब्याला चिठ्ठी लावली, तर म्हणाले, "पूजेची का भाजीची?" आईनं चिठ्ठी काढली आणि डबाही आत ठेवला.

गल्ली त्यांना हसते. मीही हसायचे. पण माझी नोकरी राहिली ती या माणसामुळे.

मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करते. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तिच्याजवळ दुसरं कुणी नाही, म्हणून धारूरला आले. तेव्हा आम्ही डोळ्यांच्या एका दवाखान्यासाठी फोनवर बोलणारा एआय मदतनीस बनवत होतो. त्याच्या हाताशी अकरा टूल्स, म्हणजे एकेका कामाची साधनं, होती. एक पेशंटची ठरलेली वेळ दाखवणारं, एक ती रद्द करणारं, अशी. कुठलं कधी वापरायचं हे तो प्रत्येक टूलच्या वर्णनावरून ठरवतो, आणि ती वर्णनं लिहिली होती मी.

चाचणीत आमच्याच माणसानं पेशंट बनून विचारलं, "माझी मंगळवारची वेळ हाय का?" मदतनीस अदबीनं म्हणाला, "आपली वेळ रद्द केली आहे. धन्यवाद." असं चारदा झालं. साहेब म्हणाले, पुढच्या चाचणीतही हेच झालं तर पुण्यात येऊन बसावं लागेल. आईला सोडून ते जमणार नव्हतं, म्हणजे नोकरीच गेली.

मी ओट्यावर लॅपटॉप घेऊन सुन्न बसले होते. मामांनी कुंपणापलीकडून विचारलं, "कावून तोंड उतरलं गं पोरी?" मी सगळं सांगितलं. त्यांनी खुर्ची आणली, चष्मा पुसला.

"म्हंजी नवा शिपाईच म्हन की. हुशार हाय, पर कालच लागलाय. काय लिव्हलंस त्याच्यासाठी? वाच."

मी वाचलं, "अपॉइंटमेंट हाताळते."

"हाताळते म्हंजी काय? बघती का मोडती?"

"हे बघतं, मामा. मोडायचं दुसरं आहे."

"त्याच्यावर काय लिव्हलं?"

"अपॉइंटमेंट व्यवस्थापन."

मामा बराच वेळ माझ्याकडं पाहत राहिले. शाळेत कुणी तेजाबाच्या बाटलीतून पाणी प्यायला निघालं, तर असंच पाहत असावेत.

मग दोन दिवस बसून आम्ही अकराही वर्णनं पुन्हा लिहिली. मामा बोट लावून वाचत, त्यामुळे माझ्या स्क्रीनवर तेलाचे ठसे उमटले. काय करतं हे लिहिलं की लगेच म्हणत, "आता कवा वापरू न्हाई ते लिव्ह." पहिलं वर्णन असं झालं: 'पेशंटची ठरलेली वेळ फक्त दाखवते. काहीही बदलत नाही. "माझी वेळ आहे का" असं विचारलं तर हेच वापरा. रद्द करायला वापरू नका, त्यासाठी दुसरं टूल आहे, आणि तेही पेशंटला विचारल्याशिवाय नाही.'

"आन् नोंद सापडली न्हाई तर?" मामांनी विचारलं.

"तर नाही म्हणून सांगेल."

"सापडलं न्हाई म्हंजी न्हाईच, असं नसतं. फोन नंबर पुन्यांदा विचारू दे."

तेही घातलं. दुसऱ्या चाचणीत एकही वेळ चुकून रद्द झाली नाही. मी पेढे घेऊन मामांकडे गेले आणि वाकून नमस्कार केला. त्यांनी पेढा हातात तसाच धरून ठेवला.

"तुझी मामी मोठेपनी लिव्हाय-वाचाय शिकली व्हती," ते म्हणाले. मामींना जाऊन तीन वर्षं झाली होती. "डोळा दुखत व्हता म्हनून एकलीच मोठ्या दवाखान्यात गेलती. मला शाळेतनं रजा न्हवती. तितं बोर्ड व्हता, बाह्यरुग्ण विभाग. अक्षर अक्षर लावून वाचलं तिनं. वाचता आलं, कळलं न्हाई. कुनाला विचारायची लाज वाटली, तशीच माघारी आली. मला म्हनली, डॉक्टर न्हवते. खरं सांगितलं तवर डोळा गेलता."

मग त्यांनी पेढा खाली ठेवला आणि म्हणाले, "एक वळ आनिक घाल त्याच्यात. मानूस गप झालं तर फोन ठेवू नका. त्याला समजलं न्हाई, असं समजा. सोप्या शब्दात पुन्यांदा सांगा."

ती ओळ मी घातली. साहेबांनी भाषा थोडी नीट करायला सांगितली, मी एक अक्षरही हलवलं नाही.

दवाखान्यात मदतनीस सुरू झाला त्या आठवड्यात तिथं नोंदी पाहणाऱ्या बाईंनी मला कळवलं की एक आजी फोनवर मध्येच गप्प झाल्या होत्या. मदतनिसानं तीनदा सांगितलं, कुठल्या दारानं यायचं, आत कुणाला भेटायचं. मी ते मामांना सांगायला गेले.

"कोनत्या गावच्या व्हत्या?"

"ते नाही सांगता येत, मामा."

"ऱ्हाऊ दे. आल्या का पर?"

"आल्या. तपासूनही गेल्या."

मामा उठले आणि चहा टाकतो म्हणाले. चहा उकळून वर आला, खाली बसला, पुन्हा वर आला, तरी ते माझ्याकडं पाठ करून चुलीशीच उभे होते. मग मीच उठून दोन कप घेतले.