शेगडीची आंघोळ

दसऱ्याच्या दिवशी सकाळी प्रयागबाईंनी गॅसच्या शेगडीला आंघोळ घातली आणि तिथून सगळं सुरू झालं.

आता शेगडीला आंघोळ घालावी असं काही कुठल्या कंपनीनं सांगितलेलं नाही. पण महाळुंगे पडवळच्या त्या मळ्यात त्या सकाळी आंघोळीवाचून राहिलेलं यंत्रच उरलं नव्हतं. ट्रॅक्टर धुऊन झाला होता, औषध मारायचा पंप धुतला होता, कोयते-खुरपी घासून पाटावर मांडली होती, विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरला झेंडूची माळ पडली होती. प्रयागबाईंच्या नवऱ्यानं, भगवंतरावांनी, मोटारसायकल साबण लावून घासली होती आणि स्वतः मात्र अजून पारोसेच फिरत होते. प्रयागबाईंनी हे सगळं पाहिलं. पुरुषांची हत्यारं न्हाऊनमाखून बसलेली, आणि त्यांचं स्वतःचं एकुलतं एक यंत्र कोरडंच! त्यांनी शेगडीवर दोन तांबे ऊन पाणी ओतलं, वाटीभर कच्चं दूध घातलं, पुन्हा पाणी घातलं, पदरानं वरवर पुसलं आणि एकेका बटणाला हळदकुंकवाचं बोट लावलं.

ही शेगडी त्यांच्या मुलानं, ऋषीनं, गणपतीत भोसरीहून आणली होती. वर काळी काच आणि काडी न लावता पेटणारी. बटण दाबून वळवलं की टकटक आवाज व्हायचा, ज्वारीच्या दाण्याएवढी निळी ठिणगी उडायची आणि भक्कन जाळ. प्रयागबाईंचा उभा जन्म ओली लाकडं फुंकण्यात गेलेला. पहिल्या दिवशी ती ठिणगी बघून त्यांनी नकळत डोक्यावर पदर घेतला होता. आभाळातली वीज कुणीतरी धरून, तिला शिकवून-सवरून आपल्या ओट्यावर आणून बसवली आहे, असंच त्यांना वाटलं होतं. ओट्यासाठी चूल फोडावी लागली, त्याचंही त्यांना दुःख झालं नाही. रोज सकाळी चहाच्या आधी त्या शेगडी एकदा पेटवत, विझवत आणि नुसती बघायला पुन्हा पेटवत.

“अगं, ग्यास काय आपल्या हिरीतनं येतो का?” भगवंतराव ओरडत.

“एकदाच बघते वो,” प्रयागबाई म्हणत आणि तिसऱ्यांदा पेटवत.

पण त्या दिवशी प्रश्न नुसत्या शेगडीचा नव्हता. शेजारच्या घरात त्यांची थोरली जाऊ, इंद्रायणीबाई, राहत असे. दोघींमध्ये कुडाची भिंत आणि कैक वर्षांचा अबोला. भांडण कशावरून झालं हे दोघींनाही आता नीट आठवत नव्हतं. आपली चूक नव्हती एवढं मात्र दोघींना पक्कं आठवत होतं. भाऊ-भाऊ एका बांधावर बसून तंबाखू मळत, पण जावांचं बोलणं म्हशींमार्फत चाले. इंद्रायणीबाईला काही ऐकवायचं असलं की प्रयागबाई गोठ्यात जाऊन आपल्या म्हशीला मोठ्यानं सांगत, आणि उत्तर पलीकडच्या म्हशीला मिळे. परवाच प्रयागबाईंनी मोठ्या धीरानं म्हशीच्या कानाशी पुकारा केला होता, “दसऱ्याला पुरणाच्या पोळ्या हायेत म्हनलं. कुणाला नवी शेगडी बघायची आसंल तर यावं!” मग पलीकडून इंद्रायणीबाईनं आपल्या म्हशीला सांगितलं, “बघू. दिवेलागणीला सवड हाये.”

त्या रात्री प्रयागबाईंना झोप लागली नाही. आक्का, म्हणजे थोरली जाऊ, येणार होती! ती आली आणि दोन घास जेवून गेली, की इतक्या वर्षांची गाठ सुटणार होती. काही चुकलं, तर मात्र पुढचा जन्म म्हशींशीच बोलण्यात जाणार होता.

तर हळदकुंकू लावून प्रयागबाईंनी हात जोडले, आणि शेगडी बोलायला लागली. बटणाला कुणाचा हात नव्हता. टक टक टक टक! दोन्ही बर्नरवर निळ्या ठिणग्या उडू लागल्या. प्रयागबाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. पूजा पावली! त्या डोळे मिटून उभ्या राहिल्या. देवीला काय सांगायचं ते सांगून ती थांबेल असा त्यांचा हिशेब होता. देवी थांबेना. भिजवलेली डाळ पातेल्यात वाट बघत होती, आणि आपोआप ठिणग्या उडवणाऱ्या शेगडीचा गॅस सोडायचा त्यांचा धीर होईना.

“अवो, हिकडं या! शेगडी थांबंना!”

“थांबंना म्हंजी? चालली कुटं?” भगवंतराव आत आले आणि त्यांनीही ऐकलं.

भगवंतरावांना यंत्रातलं कळतं अशी त्यांची स्वतःची समजूत होती. त्यांनी रेग्युलेटर बंद केला. टक टक टक. “नळीत उरलेला ग्यास आसंल,” ते म्हणाले आणि नळी काढून सिलेंडर थेट ओसरीवर नेऊन ठेवला. टक टक टक. “मंग करंट हाये,” असं म्हणून त्यांनी घराचा मेन स्विच पाडला. पंखा थांबला, टीव्ही थांबला, ओट्यावरचा बल्ब विझला. अंधारलेल्या स्वयंपाकघरात ठिणग्या जास्तच निळ्या दिसायला लागल्या. भगवंतरावांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

“काय केलंस का गं तू हिला?”

“मी काय करनार? पूजा केली नुसती,” प्रयागबाई म्हणाल्या. आंघोळीचं त्या बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर ते ऋषीपर्यंत गेलं असतं, आणि ‘आईला नाय जमत’ म्हणून त्यानं शेगडी उचलून नेली असती. ऋषीला फोन करावा म्हटलं, तर ड्युटीवर त्याचा मोबाईल कंपनीच्या गेटवर जमा असायचा.

मग बहिरूला बोलावलं. हा वायरमनच्या हाताखाली खांबावर चढायचा, त्यामुळे मळ्यातली सगळी वीज आपणच सोडतो असा त्याचा थाट. सणाचे नवे कपडे घालून, हातात टेस्टर घेऊन तो आला. शेगडीकडे त्यानं डॉक्टरनं जीभ बघावी तसं बघितलं.

“रिटन करंट हाये, भाऊ.”

“आरं पन मेन बंद हाये की!”

“मेन बंद आसला म्हनून काय झालं? खांबावरनं उतरतोय.”

बहिरू खांबावर चढला आणि घराचा फ्यूज काढून खिशात घालून आला. टक टक टक. आता मात्र गोष्ट त्याच्या अब्रूवर आली. “थांब, डीपीच पाडतो!” म्हणून तो तावातावानं निघाला आणि सगळ्या मळ्याला वीज देणाऱ्या त्या डीपीचा हँडल त्यानं खाली ओढला. त्याबरोबर सगळ्या मळ्यातल्या मोटारी एका दमात मुक्या झाल्या. शेगडी तेवढी चालू राहिली.

थोड्याच वेळात खालच्या वावरातला संपत फावडं खांद्यावर टाकून, गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला, दारात हजर झाला. कांद्याच्या रोपाला पाणी चाललं होतं, ते अर्ध्या वाफ्यात थांबलं होतं.

“कुणी रं डीपी पाडला? सनासुदीचं डोकं फिरलं का काय?”

“आत ये, संपत,” भगवंतराव हलक्या आवाजात म्हणाले.

संपत तणतणत आत शिरला. त्यानं अंधारात ते बघितलं. मग बाहेर जाऊन त्यानं फावडं ठेवलं, पाय धुतले आणि पुन्हा आत आला.

“लाईट न्हाई?”

“न्हाई.”

“ग्यास न्हाई?”

“सिलेंडर ओसरीवर हाये, बघ की.”

“मंग ही चालतीया कशावर?”

यावर शेगडीच काय ती बोलत होती.

दुपारपर्यंत सगळा मळा लोटला. डीपीबद्दल भांडायला आलेली माणसं आत जाऊन हात जोडून बाहेर येत होती. नवरात्र उठलेलं, दसऱ्याचा मुहूर्त. असं काही घडायचं तर आजच घडणार, यावर सगळ्यांचं एकमत झालं. बायकांनी ओट्या आणल्या. कुणी म्हणालं प्रयागबाईंचं पुण्य फळलं. स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा राहिली नाही, तेव्हा संपतनं आणि बहिरूनं शेगडी पाटावर ठेवून, हलू न देता अंगणात आणली. सावलीत भगवंतरावांची धुतलेली मोटारसायकल होती, म्हणून शेगडी उन्हात ठेवली. ऊन असं होतं की उघड्या डोक्यानं उभं राहवेना, पण माणसं हटली नाहीत. इतक्या उजेडातसुद्धा ठिणगी दिसत होती, आणि ती उडाली की पहिल्या रांगेतल्या बायका हात कपाळाला लावत.

प्रयागबाई मात्र दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. त्यांचाही ऊर भरून आला होता, नाही असं नाही. आपल्या हातून काहीतरी मोठं घडलं आहे असं त्यांना वाटत होतं आणि त्याची भीतीही वाटत होती. पण आत डाळ तशीच होती. चूल फोडलेली, शेगडी अंगणात देवपदाला पोचलेली. तीन दगड मांडून जाळ करावा म्हटलं, तर अंगण भक्तांनी भरलेलं. कुडापलीकडे आक्का सगळं बघत असणार. बोलावलं पोळीला आणि मांडला तमाशा, असं ती तिच्या म्हशीला सांगणार.

ऊन कलायला लागलं तशी टकटक मंदावली. टक... टक... आणि मग एकदम थांबलीच. सगळे श्वास रोखून उभे. नंतर एकच गलबला उठला.

“आता मी नारळ फोडला, त्या वक्ताला थांबली,” संपत म्हणाला.

“नारळानं करंट थांबतो व्हय? तारंत साठल्याला व्हता, डीपी पाडल्यामुळं सपला त्यो,” बहिरू म्हणाला.

“मी मघाशी बुक्की घातली हळूच,” भगवंतरावांनी सांगून टाकलं. “आपली मोटार बी तशीच थांबती.”

या वादात माणसं पांगली, डीपी चढला, मोटारी घरघरल्या. प्रयागबाईंनी शेगडी उचलायला हात लावला. काच तापली होती. त्यांनी बटणांच्या फटीत बोट घातलं. सकाळी तिथं दुधाचा ओघळ होता, आता पांढरी पापडी धरली होती. कोरडं खडखडीत! त्या जागच्या जागी थांबल्या. ओली होती तोवर बोलत होती, वाळली तशी गप्प बसली. म्हणजे देवीबिवी काही नाही, त्यांचे तांबे बोलत होते. त्यांना हसू फुटलं आणि पाठोपाठ थोडं वाईटही वाटलं. पण हळहळायला वेळ कुणाला होता? त्यांनी सिलेंडर जोडून घेतला, डाळ चढवली, पुरण घोटलं आणि दिवे लागायला पहिली पोळी तव्यावर पडली.

तेवढ्यात दारात इंद्रायणीबाई उभी राहिली. नवं लुगडं, मुठीत आपट्याची पानं. तिनं उंबरा ओलांडला, पानं ओट्यावर ठेवली आणि ती उभीच राहिली. इतक्या वर्षांत म्हशीवाचून बोलायची दोघींची सवय गेली होती.

“हीच का ती?” शेवटी तिनं विचारलं. “बोलती म्हनं.”

“बोलत व्हती.”

“आता?”

“आता न्हाई बोलत.”

“बरं,” इंद्रायणीबाई म्हणाली. तिनं दाराकडे पाहिलं. प्रयागबाईंना वाटलं, चाललीच ही! जिच्यासाठी आली ती शेगडी मुकी. आता कशासाठी थांबेल? त्यांनी घाईनं तांब्या भरला, “बस की आक्का, पानी घे,” असं म्हणत शेगडीवरून हात पुढं केला, आणि तांब्या बरोबर बटणांवर कलंडला. टक टक टक टक!

“बोलली! बघ, आक्का, बोलली!”

इंद्रायणीबाईनं शेगडीकडे पाहिलं, तांब्याकडे पाहिलं, मग प्रयागबाईंच्या तोंडाकडे पाहिलं. तिनं पदर खोचला, वाकून शेगडीच्या खाली हात घातला आणि बॅटरीत असतो तसला एक सेल काढून ओट्यावर ठेवला. टकटक बंद झाली. जाळ तेवढा तव्याखाली चालू राहिला.

“बटनांत पानी गेलं की आशीच करती ती. सेल काडायचा आन वाळू द्यायची.”

प्रयागबाईंचा आ वासलेलाच राहिला. सगळ्या मळ्याची वीज पाडून जे थांबलं नव्हतं, ते आक्कानं दोन बोटांनी थांबवलं होतं. “तुला कसं ठावं?”

“पिंपळवंडीला माज्या भावाकडं हाये आसली. कवाची.”

“आन दिसभर गप बसलीस? अगं, लोकांनी डीपी पाडला!”

“सकाळच्याला मला कुनी बोलावलं व्हतं? आवतान दिवेलागनीचं व्हतं.”

हेही खरंच होतं. प्रयागबाईंनी सेल हातात घेऊन उलटासुलटा केला. मग त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी मान वर केली.

“म्हंजी तू शेगडी बघितली व्हतीस आदीच. मंग आलीस कशाला?”

इंद्रायणीबाईनं परातीतला उंडा उचलला आणि तो हातावर उगीच फिरवत राहिली.

“मला बी तुला बोलवायचं व्हतं गं, लई दिसांपासनं,” ती म्हणाली. “पन माज्याकडं दाखवाया काय न्हवतं.”

प्रयागबाईंनी सेल ठेवला आणि ओट्यावरची आपट्याची पानं उचलून हातात घेतली.

“सरक तिकडं,” इंद्रायणीबाई म्हणाली. “पोळी करपली तुजी.”