चार बोटे उंच

मनुष्याने इच्छा धरावी, त्यात दोष नाही. परंतु इच्छा चार बोटे उंच करण्यापूर्वी आपल्या दाराची उंची पाहावी, एवढा विवेक त्याने अवश्य ठेवावा. अप्पांना हे कोणी शिकवण्याची गरज नव्हती. पुलाखालून किती उंचीची वाहने जाऊ द्यावीत, हे ठरवण्यात त्यांची सारी नोकरी गेली होती!

गावामागच्या टेकडीच्या माथ्यावरून पलीकडचा तलाव दिसे. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी माईंचा हात धरून अप्पा तिथे पायी जात. आता माईंचे गुडघे उंबरठ्याशीही वाटाघाटी करीत, आणि जुनी जीप वाटेतल्या खडकांवर पोट टेकून म्हशीसारखी बसे. माई तक्रार करीत नसत. खिडकीतून टेकडीकडे पाहत भाजी निवडीत, आणि निवडून झालेली भाजी पुन्हा निवडायला घेत.

म्हणून माई बहिणीकडे गेल्या, तेव्हा अप्पांनी मिस्त्रीला बोलावले, गॅरेजचे दार आतून लावले आणि जीपच्या स्प्रिंगांवर ठोकळे बसवून थोराड चाके चढवून घेतली.

"गुपचूप झालं पाहिजे हं! माईंना चकित करायचंय."

"काळजी सोडा, अप्पा. खडकांवरून हरणासारखी जाईल!"

जीपच्या पोटाखालचे अंतर अप्पांनी पुन्हा पुन्हा मोजले. वर मात्र कोणी पाहिले नाही.

दार उघडले, जीप निघाली, आणि तिच्या पत्र्याच्या टपाने दारावरच्या तुळईला असा टोला दिला की तुळईवरची पाल थेट मिस्त्रीच्या खांद्यावर आली!

"अप्पा, मग ही आत आली कशी?"

"तेव्हा ती बुटकी होती रे!"

चाकांतली हवा सोडली. तरी टप अडलाच. मग वजनाने स्प्रिंगा दबाव्यात म्हणून शेजारचे वकील, त्यांच्या सौभाग्यवती, समोरचे भरदार शिंपीबुवा, अशी मंडळी मागे कोंबण्यात आली.

"जामीन मिळेपर्यंत असंच बसायचं का?" वकिलांचा आवाज शिंपीबुवांच्या काखेतून आला.

नेमक्या त्याच क्षणी माई परतल्या. गाडीत माणसे, चाकांपाशी वाकलेला मिस्त्री! त्यांनी काय समजायचे ते समजून घेतले.

"अहो, गाडी विकताय? मला न विचारता?"

"अगं, ही गिऱ्हाइकं नव्हेत..."

"माझ्यापासून लपवू नका! मला टेकडीवर न्यायचं कबूल केलं होतंत. मी एका शब्दानं आठवण दिली नाही, म्हणून विसरलात?"

चालकाच्या जागी बसलेल्या अप्पांनी खिडकीतून डोके बाहेर काढले. "तुला न्यायचं म्हणूनच तर उंच केली. आता दारातून निघत नाही," ते कसेबसे म्हणाले.

माईंनी तुळईकडे पाहिले, टपाकडे पाहिले, मग नवऱ्याकडे. "आयुष्यभर पूल मोजलेत ना?"

"हो."

"छान!"

"बोटभर अडतंय अजून," मिस्त्री पुटपुटला. "एक माणूस हवं."

सर्वांनी माईंच्या भारदस्त देहाकडे पाहिले आणि सभ्यपणे नजर वळवली.

"बघता काय? चढवा मला!"

खुर्ची आली, तिच्यावर पाट आला. मिस्त्रीने आधार दिला, आतून शिंपीबुवांनी ओढले, आणि माई अप्पांच्या शेजारच्या आसनावर विराजमान झाल्या. जीपने दीर्घ सुस्कारा सोडला, टपाचा रंग तुळईला अर्पण केला आणि ती अंगणात आली!

मंडळी उतरली. मिस्त्रीने चाकांत पुन्हा हवा भरली.

"उतर आता, माई. उद्या सकाळी निघू," अप्पा म्हणाले.

"मी नाही उतरणार. पुन्हा कोण चढवणार? चला."

जीप खडकांवरून डुलत माथ्यावर पोहोचली. खाली तलाव होता, तसाच. खाली उतरून काठाशी जाणे दोघांच्याही गुडघ्यांना झेपणारे नव्हते. तेव्हा दोघे आसनांवरच बसून राहिली. मग अप्पा हळूच म्हणाले, "घरी गेल्यावर तुला खाली कसं उतरवायचं गं?"

"शिंपीबुवांना हाक मारू. पण आत्ता नाही हो," माई म्हणाल्या.

त्या उभयतांना, आणि ज्यांना ज्यांना फार उशिरा उंची लाभली त्या सर्वांना, खाली उतरण्याची घाई कधी न पडो.