एक नंबरचे सर

विभागप्रमुख सरांना कुठल्याही यादीत आपलं नाव दुसरं आलेलं खपत नसे. त्यामुळे खोलीत नवा कॉम्प्युटर आला आणि त्यांना कळलं, की नेटवर्कवरचा पत्ता सर्व्हर आपोआप वाटतो, आज हा तर उद्या तो, तेव्हा त्यांचं टाळकंच सणकलं. बाकीचा विभाग मिळेल तो पत्ता निमूट घेतो. सर घेतील तर शपथ! सेटिंग उघडून पत्त्याचा शेवटचा आकडा त्यांनी स्वतःच्या हाताने भरला: एक. प्रमुखाला दुसरा कुठला शोभणार?

मुहूर्तही काय निवडला! प्रमुखपदाच्या मुदतवाढीचा अर्ज ऑनलाइन भरायचा तोच शेवटचा दिवस, पाचच्या आत. समोरच्या खोलीतल्या मॅडमही त्याच खुर्चीसाठी अर्ज भरत होत्या. सरांच्या मते, उगाच हौस म्हणून.

आकडा भरला आणि सगळ्या विभागाचं नेट झोपलं. सर कडाडले. पण कडाडायला जातानाही कॉम्प्युटर बंद करायला विसरले नाहीत, न जाणो कुणी आपला अर्ज वाचला तर? मग तरातरा खाली नेटवर्कवाल्याच्या खोलीत. तिथे नेट ठणठणीत चालू. आपल्याला पाहूनच हे सुधारलं अशी सरांची खात्री पटली. तरी त्यांनी त्याला यथेच्छ झापलं, धापा टाकत वर आले, कॉम्प्युटर लावला. नेट पुन्हा ठार. पुन्हा बंद, पुन्हा खाली, पुन्हा उद्धार. दुपार अशीच जिन्यात गेली.

शेवटी नेटवर्कवाला कंटाळून वर आला. तोवर पाच वाजून गेले होते. त्याने स्क्रीनकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"सर, एक नंबर गेटवेचा आहे. सगळ्या विभागाची बाहेर जायची वाट तिथून जाते. तुमचा कॉम्प्युटर चालू झाला, की तुम्ही दारातच आडवे पडता."

"मग त्याने दुसरा नंबर घ्यावा ना," सर म्हणाले. "तो काय प्रमुख आहे?"

प्रमुख मॅडम झाल्या. सरांचा कॉम्प्युटर आता सर्व्हर देईल तो पत्ता घेतो, आणि सर जिन्याशेजारच्या, मिळाली त्या खोलीत बसतात. नेट त्यानंतर एकदाही बंद पडलेलं नाही. सर भेटेल त्याला ऐकवतात, की त्या दिवशी मी खाली जाऊन जाऊन झापलं, त्याचं हे फळ.

तसं ते खोटंही नाही म्हणा. मॅडमचा अर्ज सर खाली झापत होते तेव्हाच गेला.