आईंच्या खोलीपर्यंतचे मैल

गेल्या मार्चमध्ये आमच्या हॉलपासून सासूबाईंची खोली साडेचार मैलांवर होती. फ्लॅट घेतला तेव्हा ती चार पावलांवर होती. मधले सगळे मैल माझ्या नवऱ्याचे, हेरंबचे. त्याला ते विमान कंपनीने दिले होते.

हेरंब मोठे पंप बसवून देणाऱ्या कंपनीत आहे. कंपनी नाशिकची, पण पंप जातात ब्राझीलला नाहीतर कॅनडाला, आणि पंपांच्या मागोमाग हेरंब जातो. पंप ऐसपैस लाकडी पेटीतून जातात. हेरंब इकॉनॉमीतून जातो, बहुतेक वेळा मधल्या सीटवर. अशा सतत उडणाऱ्या माणसाला विमान कंपन्या सभासद करून घेतात आणि मैल देतात. स्वस्त तिकिटावर अगदी हात आखडून देतात, पण देतात, आणि घरी आणून ठेवतात. सभासद होताना विचारतात, कुठे ठेवायचे. हेरंब म्हणाला, हॉल सोडून कुठेही ठेवा. हॉलमध्ये पाहुणे येतात, तिथे सोफा आहे, शोकेस आहे. पाहुण्यांसाठी हॉल राखायची खोड आमच्या घरात सगळ्यांनाच असल्यामुळे तेव्हा मीही मान डोलावली. मैल मग आतल्या पॅसेजमध्ये यायला लागले. पॅसेजच्या टोकाला आईंची खोली.

मैल वापरले की जातात. फुकट तिकीट घेतलं की तेवढा पॅसेज कमी होतो. पण हेरंबला ते वापरवत नव्हते. लग्नात आलेला काचेचा सेट आम्ही अजून खोक्यातून काढलेला नाही, तसंच मैलांचं झालं. "राहू देत," तो म्हणायचा. "पुढे सगळे मिळून कुठेतरी छान जाऊ." कुठे, ते कधी ठरलं नाही, आणि आई दर प्रवासाला थोड्या लांब गेल्या.

महापालिकेचा माणूस घरपट्टीसाठी आला होता. त्याने इमारत बाहेरून मोजली, पॅसेजमध्ये थोडं चालून पाहिलं आणि हे चटईक्षेत्रात धरता येत नाही म्हणून निघून गेला. लोक आम्हाला नशीबवान म्हणायचे. बिझनेस क्लासने फिरणाऱ्यांच्या घरी बायका पलीकडच्या तालुक्यात राहतात, आमचं तर चालत जाण्याजोगं होतं.

मी रोज सकाळी आईंचा चहा-नाश्ता आणि दोन्ही वेळचं जेवण घेऊन निघायचे. जायला दीड तास, यायला दीड तास. सायकल नेता येते, पण पॅसेजची रुंदी अशी की ती वळत नाही, येताना सगळा रस्ता उलटी ढकलत आणावी लागते. दुपारी हॉलमध्ये माझे शिवणाचे क्लास असतात, म्हणून परत येणं भाग असायचं. आईंना हॉलमध्ये का आणत नाही, असं सगळे विचारायचे. आम्ही हजारदा म्हटलं होतं. आई ऐकायच्या नाहीत. "हॉलमध्ये पलंग टाकला की येणारा-जाणारा तब्येत विचारतो," त्या म्हणायच्या. "मी आजारी नाही. मला माझी खोली बरी." त्यांच्यापुढे कोण बोलणार.

मार्चमध्ये हेरंबची जुनी योजना बंद होत असल्याचं कळलं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तीन नव्या योजनांतली एक निवडायची होती, आणि तिन्ही समजावून सांगायला कंपन्यांनी मिळून एक सल्लागार पाठवला होता. निरगुडकर त्यांचं नाव. ते कोट घालून आले, बूट दाराबाहेर काढले आणि सोफ्याच्या कडेला बसले. मी चिवडा ठेवला. त्यांनी तो नीट चमच्याने खाल्ला.

"सरांची गरज काय आहे ते आधी सांगा," ते म्हणाले.

"माझे पाय," हेरंब म्हणाला.

हे खरं होतं. दिवाळीच्या आधीच्या प्रवासात त्याच्या पोटरीत रक्ताची गाठ झाली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, लांबच्या प्रवासात पाय पसरायला जागा हवी, मधेमधे उठायला हवं, मधली सीट नको. ऑफिसने सहानुभूती दाखवली आणि तिकीट इकॉनॉमीचंच काढलं. तेव्हापासून तो विमानात बसला की उतरल्याचा फोन येईपर्यंत मी झोपायचे नाही.

"मग पहिली योजना घ्या," निरगुडकर म्हणाले. "ही अंतरावर मैल देते. जितकं लांब जाल तितके जास्त. सभासद झाल्या झाल्या सगळ्यात पुढची सीट, समोर भिंत, पाय पूर्ण लांब होतात. फक्त मैल भरपूर येतील. पहिल्याच प्रवासाला सहा."

"आताच्या साडेचारांवर सहा?" मी विचारलं.

"हो मॅडम. पण पॅसेजमध्ये दर मैलावर पाण्याची सोय कंपनी करते."

"दुसरी?"

"दुसरी तिकिटाच्या किमतीवर मैल देते. सरांच्या तिकिटावर म्हणाल तर एखादी फूटपट्टी. घर आहे तिथेच राहील. पण सीट मिळेल ती घ्यायची."

"आणि तिसरी?"

निरगुडकरांनी चमचा खाली ठेवला. "तिसरीत मैल वर्षाने आपोआप संपतात. पण घरातलं कोणतं अंतर संपवायचं ते कंपनी ठरवते. एका सभासदांचं बाथरूम संपलं. मी ती सुचवत नाही."

हेरंब माझ्याकडे बघत होता आणि मी पॅसेजच्या दाराकडे. एका बाजूला त्याचे पाय, दुसऱ्या बाजूला माझे आणि आईंचं म्हातारपण. तोंडाने दुसरी म्हणणं सोपं होतं. पण विमानात मागे कुठेतरी मधल्या सीटवर गुडघे मुडपून बसलेला हेरंब मला दिसायला लागला. मला त्या निरगुडकरांचा राग आला, ते पुन्हा चमचा उचलून इतक्या शांतपणे चिवडा खात होते.

तेवढ्यात आईंचा फोन आला.

"सुनेत्रा, तू हॉलमध्येच आहेस ना?" त्यांचा आवाज बारीक झाला होता. "जरा घाम आलाय गं. छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतंय. घाई नाही, पण ये."

घाई नाही म्हणणारी बाई इतक्या वर्षांत मला कधी "ये" म्हणाली नव्हती. मी खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, मी पाच मिनिटांत येतो, पण पेशंट किती लांब आहे? मी सांगितल्यावर ते म्हणाले, स्ट्रेचरची माणसं पॅसेजमध्ये एवढं आत येत नाहीत, मला ठाऊक आहे, वरच्या मजल्यावरच्या जोशींच्या वेळी आली नव्हती.

हेरंब उठून चप्पल शोधत होता. "मी सायकल घेतो."

"आणि आणशील कसं त्यांना? उलटी ढकलत?" मी म्हटलं. मग मी निरगुडकरांकडे वळले. "मैल आत्ता काढता येतात का?"

"तिकीट घेतलं तर येतात," ते म्हणाले. त्यांनी फोनमध्ये बघायला सुरुवात केली. मी त्यांच्या अंगठ्याकडे बघत उभी राहिले. "कॅनडा नाही. कॅनडा नाही. साओ पावलो आहे, आज रात्री मुंबईहून. एकच सीट. फक्त जाण्याचं. सगळे मैल जातील."

"मी जाते," मी म्हटलं.

"आपल्या पासपोर्टवर व्हिसा आहे का?"

माझ्या पासपोर्टची मुदतच संपलेली होती. व्हिसा हेरंबच्या पासपोर्टवर होता.

"काढा," हेरंब म्हणाला.

निरगुडकरांनी तिकीट काढलं. मग ते थोडे ओशाळल्यासारखे झाले. "एक नियम आहे, सर. प्रवासी घराचा उंबरठा ओलांडतो तेव्हा मैल वजा होतात. आणि प्रवास होण्याआधी तो परत आत आला, तर तिकीट रद्द होऊन मैल परत येतात."

"म्हणजे मला आईला बघता येणार नाही."

"आल्यावर बघता येईल, सर."

हेरंबने पासपोर्ट खिशात घातला. बॅग भरायला वेळ नव्हता, मी त्याच्या हातात फक्त रक्त पातळ करायच्या गोळ्या दिल्या आणि पायातले घट्ट मोजे दिले. तो पॅसेजच्या दाराशी गेला, आत तोंड करून उभा राहिला. आत ट्यूबलाइटची रांग होती आणि तिचं टोक दिसत नव्हतं. त्याने "आई" अशी हाक मारली. ती हाक कुठवर गेली कुणास ठाऊक. मग तो मागे न बघता बाहेरच्या दारातून गेला.

त्याचा दुसरा पाय जिन्यात पडला आणि पॅसेज संपला. काही आवाज झाला नाही. माझ्यासमोर चार पावलांवर आईंच्या खोलीचं दार होतं. मी आत गेले. आई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, पदराने मान पुसत होत्या. "लवकर आलीस," त्या म्हणाल्या. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

डॉक्टर आले. ईसीजी काढला, जिभेखाली गोळी दिली, तासभर बसून राहिले. खाली टॅक्सीत बसलेल्या हेरंबला मी फोनवर सगळं सांगत होते. तो आमच्या खिडकीखाली थांबला होता, पण वर येऊ शकत नव्हता. हृदयाला धक्का बसला होता, सौम्य होता, वेळेत गोळी पोचली होती, आणि हॉस्पिटलला आईंनी साफ नकार दिला होता. डॉक्टर जाताना म्हणाले, यापुढे यांना एकटं ठेवायचं नाही, कुणीतरी हाकेच्या अंतरावर हवं. हेरंबने ते ऐकलं आणि टॅक्सीवाल्याला निघायला सांगितलं.

तीन दिवस घर पूर्वीसारखं होतं. मी आईंना गरम पोळी तव्यावरून थेट नेऊन दिली. कित्येक वर्षांनी त्यांना ती गरम मिळाली होती. क्लासच्या बायका शिवताना आत डोकावून त्यांच्याशी बोलायच्या. आई प्रत्येकीला सांगायच्या की त्या आजारी नाहीत.

चौथ्या दिवशी निरगुडकरांचा फोन आला. "मॅडम, सर उद्या परतीचं तिकीट काढतायत. त्या संध्याकाळी निवड राहून गेली आणि जुनी योजना बंद झाली. तिकिटाआधी नवी निवडावी लागेल. सर म्हणतात, मॅडम सांगतील ती."

मी आधी हेरंबला फोन लावला. त्याने व्हिडिओ सुरू केला तेव्हा मला आधी भिंत दिसली, मग छत, मग तो. पाय दाखव म्हटलं तर दाखवेना. खूप म्हटल्यावर दाखवला. डावी पोटरी फुगलेली होती आणि मोज्याचा काठ मांसात रुतला होता.

"जाताना कुठली सीट होती?" मी विचारलं.

"मधली. शेवटून दुसरी रांग." तो हसायचा प्रयत्न करत होता. "तू दुसरीच योजना सांग त्यांना. मी मधेमधे उठेन. आईला लांब ठेवायचं नाही आता."

"आणि उठता नाही आलं तर?"

त्याने पाय खाली घेतला. डॉक्टर तिथे काय म्हणाले ते मी विचारलं नाही, त्याच्या तोंडावर दिसत होतं. मी फोन ठेवला आणि जागच्या जागी बसून राहिले. पहिली योजना घेतली तर सहा मैल. आईंना पुन्हा घाम आला तर मैल घालवायला या वेळी हेरंबला पुन्हा विमानात बसवता येणार नव्हतं. दुसरी घेतली तर परतीची सतरा-अठरा तासांची मधली सीट. कुणीतरी येऊन माझ्या हातून हे काढून घ्यावं असं मला वाटत होतं.

दार उघडंच होतं. आईंनी सगळं ऐकलं होतं. आता चार पावलांवरून त्यांना सगळं ऐकू येत होतं.

"पाय कसा आहे त्याचा?" त्यांनी विचारलं.

"सुजलाय."

"पुढची सीट कशाने मिळते?"

मी त्यांना तिन्ही योजना सांगितल्या, निरगुडकरांनी सांगितल्या तशाच. बाथरूमचंही सांगितलं. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. मग त्यांनी पांघरूण गुडघ्यांवर नीट ओढून घेतलं, पाठ भिंतीला टेकवली.

"त्याला पाय पसरू दे," त्या म्हणाल्या. "मी सरकते मागे."

"आई, डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंत ना? एकटं राहायचं नाही."

"एकटी कशाला? तू ये इकडे. तुझा क्लास महिनाभर बंद राहिला तर नाशिकच्या बायका उघड्या फिरणार नाहीत."

मी निरगुडकरांना फोन करून पहिली योजना सांगितली. त्यांनी अभिनंदन केलं आणि मैल कुठे ठेवायचे ते विचारलं. मी म्हटलं, पॅसेजमध्येच. हेरंबने घरात पाऊल टाकलं की मैल येणार होते, तोवर माझ्या हाताशी दीड दिवस होता. मी माझी गादी आईंच्या खोलीत नेली. मग कुकर, छोटी शेगडी, डाळ-तांदूळ, त्यांच्या गोळ्या, डॉक्टरांनी भाड्याने दिलेला ऑक्सिजनचा सिलिंडर, माझं शिवणयंत्र. हेरंबसाठी फ्रिजमध्ये तीन दिवसांची भाजी करून ठेवली. पुढचं तो बघेल, त्याला खिचडी येते.

शेवटच्या खेपेला मी हॉलमधून आत आले तेव्हा हेरंब मुंबईहून येताना घोटीच्या पुढे, घरापासून तासाभरावर आला होता. पाय बरा आहे, पूर्ण लांब करून आलो, असं त्याने कळवलं होतं. मी आईंना ते वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून मान हलवली. त्यांना बरं वाटलं होतं, ते दिसत होतं.

मग त्यांनी एक डोळा उघडला.

"हॉलमधला पंखा चालू राहिलाय," त्या म्हणाल्या. "आत्ताच बंद करून ये. मग उगाच हेलपाटा पडेल."